समुद्राकडचा तट

नवरा आज आगबोटीने मुंबईला निघणार, आणि सासूबाईंना किल्ल्यात सहलीला जायचं सुचलं! "चल गो शुभदा, ही बाजाराची गर्दी नको. वायच निवांत बसाया," म्हणत त्यांनी मला होडीत बसवलंच. सुनेने निरोपाला धक्क्यावर जायची आमच्यात रीत नाही. पण निदान उंबऱ्यात तरी उभी राहिले असते.

किल्ल्यात त्यांनी घावण्यांचा डबा उघडला. मी त्याला हातही लावला नाही. दहादा उठले, दहादा बसले. "घरी जाऊया ना?" तर म्हणे, "थांब गो." रागाने मी त्यांच्याकडे पाठच केली.

आगबोटीचा भोंगा वाजला, तशी त्यांनी हात धरून मला समुद्राकडच्या तटावर ओढत नेलं. बोट समोरूनच चालली होती. कठड्याशी हे उभे होते, आमच्याच दिशेने रुमाल हलवत.

"तेका सांगान ठेवलंय, ह्याच बाजूक उभो रव म्हणान. हलय हात, हय कोण बघणारो नाय."

मी दोन्ही हात हलवले. बोट ठिपक्याएवढी झाली तरी सासूबाई जागच्या हलेनात.

"तुझ्या सासऱ्यांक वीस वर्सां मी हयसूनच हात हलयलंय," त्या म्हणाल्या. "ह्या बाजूक उभे रवा म्हणान सांगूचो धीर मात्र कधी झालो नाय."