चिमीचं माप

सात वर्षांच्या चिमीसाठी परदेशातून दान म्हणून आलेला कृत्रिम पाय कस्टम्सच्या गोदामात अडकला. करमाफीच्या एका शिक्क्यासाठी मी, तो मागवणाऱ्या मदतसंस्थेचा कारकून, अकरा महिने खेटे घातले. कस्टम्सच्या साहेबांचं एकच पालुपद, "पाय थोडाच नासणार आहे?"

"पाय नाही हो, पोर वाढतेय!" मी कळवळून सांगायचो.

चिमीच्या आईलाही मी आधीच बजावलं होतं, "हिची उंची वाढली, तर पाय आखूड पडेल. मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज."

काल एकदाचा पाय सुटला. आज डॉक्टरांनी पट्टे आवळले. मापात तसूभरही फरक नाही!

"नशीबच म्हणायचं, ताई," मी चिमीच्या आईला म्हणालो.

 

तिनं मान खाली घातली. "नशीब कसलं, दादा? तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून तिला अर्धपोटी ठेवलंय."