आधी नट
एसीच्या तांब्याच्या पाइपचं तोंड कर्ण्यासारखं फुलवून झालं, तेव्हा कुठे मेकॅनिकचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि त्याने कपाळावर हात मारला. नट खिडकीच्या कट्ट्यावरच राहिला होता! नट आधी पाइपवर चढवायचा असतो. फुललेल्या तोंडावरून तो काही केल्या जात नाही. “दादा, नट घातलास का?” धाकटा भाऊ दर वेळी विचारायचा. मागच्या उन्हाळ्यात, याच घरात, मालकीणबाईंसमोर मेकॅनिक त्याच्यावर भडकला होता: “मला अक्कल शिकवतोस? चालता हो!” धाकटा पाना खाली ठेवून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. “आज भाऊ नाही आला?” मालकीणबाईंनी पाणी देत विचारलं. “सुट्टीवर आहे,” तो पुटपुटला. त्याने फुकट गेलेलं तोंड कापलं, आठवणीने आधी नट चढवला, पाइप पुन्हा पकडीत कसला. पण हात चालेना. कुणीतरी ‘नट घातलास का?’ विचारेल म्हणून तो थांबून राहिला.