चौरसाबाहेरचा त्रिकोण

बूट दाराशी काढून लोइस पँक्राट्झ मागच्या रांगेत येऊन बसली, तशी डॉक्टर आयनार ग्रिमस्टॅड यांची जीभ अडखळली. सास्काटूनच्या विद्यापीठातलं हे त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं.

फळ्यावर एक चौरस होता, चार त्रिकोणांत कापलेला. सगळ्या बाजू पूर्णांकात हव्यात, एवढंच कोडं. असा प्रत्येक चौरस म्हणजे इलिप्टिक कर्व्ह नावाच्या एका वक्ररेषेवरचा बिंदू. एक बिंदू सापडला की त्यावरून पुढचा काढायचा. या युक्तीला सगळे ग्रिमस्टॅडची पद्धत म्हणत.

पद्धत लोइसची होती. बावीस वर्षांपूर्वी तिचा लेख एका नियतकालिकाने त्यांच्याकडे तपासायला पाठवला होता. परीक्षकाने नाव झाकून अभिप्राय द्यायचा, अशी रीत. खेड्यातली शाळेची बाई, तिला कोण विचारतंय? 'यात नवीन काही नाही,' असं त्यांनी ठोकून दिलं आणि वर्षभराने तेच स्वतःच्या नावावर पाठवलं. तेव्हापासून आरशात बघून दाढी करणंही त्यांना जड जाई.

"या विषयात डोकं घालणारी जगात सहा माणसं," ते श्रोत्यांना म्हणाले. "संपादक फिरून फिरून आम्हालाच छळतात." लोक हसले. "माझ्या लेखात घोडचूक होती. बिंदू कर्व्हवर अचूक, पण चौथा त्रिकोण चौरसाच्या बाहेर पडत होता. कुण्या अनामिक परीक्षकाने पुठ्ठा कापून ती पकडली, दुरुस्ती सुचवली आणि लेख छापा म्हणून कळवलं. त्या भल्या माणसाचा मी ऋणी आहे."

हे ते दर वेळी म्हणत. आज मात्र लोइससमोर म्हणताना कान तापले. कुणा परक्याचे आभार मानायला तोंड होतं, तिचं नाव घ्यायला नव्हतं.

नंतर बेरी-पाय, म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पोळी, मांडलेल्या टेबलापाशी ती एकटी सापडली. आज नाही तर कधीच नाही, असं त्यांनी मनाला बजावलं.

"लोइसबाई, तुमचा लेख परत आला होता ना..."

"खाऊन घ्या आधी. बेरी-पाय गार होतोय."

"तो मी नाकारला. आणि मग चोरला. मला लाज वाटते हो, रोज वाटते. उद्या सगळ्यांना लिहून कळवतो."

"कळवा की."

"तुम्हाला धक्का नाही बसला?"

"बसला होता. एकवीस वर्षं झाली त्याला."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

तिने हात पुसले. पिशवीतून पुठ्ठ्याचे चार जुनाट त्रिकोण काढले आणि टेबलावर सावकाश जुळवले. चौथा चौरसाच्या बाहेर पडत होता.