सून दारात आली तेव्हा

लेक अमरसिंह मिझोरामच्या रेमीला लग्नानंतर पहिल्यांदाच अणदूरला आणणार म्हटल्यावर मथुराबाई तयारीला लागल्या. चेहऱ्यावरून माणसाला परकं ठरवणाऱ्यांशी कसं बोलावं, याचे त्यानं पाठवलेले पॉडकास्ट त्या महिनाभर भाकरी थापताना ऐकत होत्या. तरी ऐन वेळी तोंड उघडेल का, ही धास्ती होतीच.

जोडी दारात उभी राहिली तोच शेजारची म्हाळसाबाई म्हणाली, "चिनी सून केली व्हय, वैनी?"

रेमीचा हात सवयीनं पर्समधल्या आधार कार्डाकडं गेला. मथुराबाईंनी तो हात धरला.

"आपल्याच देशातली हाय. अन् चीनची असती, तरी माझी सूनच असती."

म्हाळसाबाई ओशाळली. "चुकलं माझं. मग लेकराला उन्हात कशाला उभं केलंय? आणा भाकरतुकडा, म्याच ओवाळते."

मथुराबाईंचा जीव भांड्यात पडला.