जोडीचा शब्द

"आता निर्णय टाकून बघते," म्हणत राजनंदिनीनं मोबाईलवर बोट चालवलं.

धार काढता काढता गोरक्षनाथ आप्पांनी विचारलं, "निर्णयाचं काय बघतीस?"

"त्याची जोडी, आप्पा. जर्मनचे नुसते शब्द पाठ करून भागत न्हाई. ह्या साइटवर एक शब्द टाकला की त्याच्यासंगं कोणता शब्द जातो ते दिसतं. आपण निर्णय घेतो, ती माणसं निर्णयाला भेटतात. आपण प्रश्न विचारतो, ती मांडतात."

"आन् निरोप?"

तिनं शोधलं. "तो आपल्यासारखाच. घेतात."

आप्पांचा हात थांबला. गाईनं शेपटी मारली तेव्हा कुठं ते भानावर आले.

राजनंदिनी नर्स. तिच्या दवाखान्यातल्या पोरी जर्मनीत नोकरीला निघाल्या होत्या, आणि निवड व्हायची ती जर्मनच्या क्लासच्या परीक्षेवर. "मीही बसू का?" असं तिनं विचारलं, तेव्हा आप्पांनीच छाती फुगवून "बस की, बिनघोर जा" म्हटलं होतं. ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि बरं म्हणाली. आप्पांनी पुणतांब्यात घरोघर सांगूनही टाकलं. बायको मुक्ताबाई गेल्यापासून घरात हे बापलेक दोघंच. पोरगी गेली की बोलायला गायच उरणार, हे गावभर बोभाटा करून झाल्यावर त्यांना सुचलं. आता नको म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

पोरगी तर हट्टाला पेटलेली. पोळ्या लाटताना, बसमध्ये, सदान्‌कदा ती साइट उघडी. एक शब्दही अंदाजावर सोडायची नाही. "चुकून काही व्हायला नको, आप्पा," म्हणायची. आप्पांना तिचं कौतुक वाटायचं आणि ती पास होईल याची धास्तीही.

निकाल लागला. राजनंदिनी नापास.

"जाऊ द्या," म्हणून ती चहा टाकायला गेली. आप्पांनी तोंड पाडून बघितलं, पण छातीवरचं ओझं उतरलं ते उतरलंच. कितीतरी महिन्यांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. मग स्वतःचीच लाज वाटली. लेकरानं एवढी मरमर केली आणि बाप मनातल्या मनात पेढे वाटतोय, काय म्हणावं या बापाला!

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. क्लासच्या नीलांबरी मॅडम होत्या. आप्पांनीच उचलला.

"मॅडम, पोरीनं लई कष्ट केलते वो. असं कसं झालं?"

"तेच विचारायला फोन केला, काका. पेपर शब्दांच्या जोड्यांचा होता. दर शब्दापुढं चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. डोळे झाकून खुणा केल्या तरी काही ना काही बरोबर येतंच. राजनंदिनीचं एकही बरोबर नाही."

"म्हंजी तिला कायच येत न्हाई?"

आत कपबश्या वाजल्या. राजनंदिनी काहीतरी गुणगुणत होती.

"उलट, काका. बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय असं सगळंच्या सगळं चुकवता येत नाही."