सुरुचीने केलेलं भाषांतर

जरा जवळ सरकून बसा मायबापहो, देवाचं नाव घेऊन तुम्हाला जपानातल्या उरायासू गावची एक कथा सांगतो.

बँकेच्या नोकरीसाठी तिथे राहणारे हेमचंद्र सुट्टी संपवून पुण्याहून परतले आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतक्यात परदेशी गेला होतात?" जपानी येत होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, सुरुचीला; तिने प्रश्न मराठीत सांगितला.

"अगं, सांग त्यांना," हेमचंद्र कण्हले, "पुण्यात डासांनी पाय फोडून काढलेत म्हणावं."

पण शेजारी उभी असलेली नर्स म्हणजे लेकीच्या वर्गमैत्रिणीची आई. ताप भारतातून आणला हे कळलं, तर लेकीला वर्गात जवळ कोण बसवणार? सुरुची गोड हसून जपानीत म्हणाली, "नाही डॉक्टर, आम्ही कुठेच गेलो नव्हतो." मग नवऱ्याकडे वळून मराठीत, "तुम्ही गप्प पडा हो. डेंग्यू असला म्हणून काय, आपल्याकडे दरवर्षी घरटी एकाला होऊन जातो. मेलंय का कुणी?"

रक्तात डेंग्यूच निघाला. कुठे गेलेच नव्हते, म्हणजे डास इथलाच! दुसऱ्याच दिवशी इमारतीखालची बाग बंद झाली, शाळेची सहल रद्द झाली. सलाइनवर सावरून हेमचंद्र घरी आले, तेव्हा सुरुची खिडकीतून खाली बघत म्हणाली, "काय बाई घाबरट लोक! एका डासापायी एवढं?"

मायबापहो, आज हात जोडाल तेव्हा नगरपालिकेच्या त्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्याची आठवण ठेवा. भर उन्हात, नखशिखान्त पांढरा सूट चढवून, तो बिचारा अजून उरायासूच्या झुडपांत पुण्याचा डास शोधतो आहे.