नव्या मलखांबाचा मारोती

एशियाड झालं त्या साली चिंधू वस्तादाने लोधीखेड्याच्या आखाड्यात सागाचा नवा मलखांब पुरला, त्याला पोटभर एरंडीचं तेल पाजलं आणि तो बहिणीच्या लग्नाला गेला. परत येऊन बघतो तर काय, मलखांब हात पोचेल तिथवर शेंदराने माखलेला, अंगावर रुईची माळ, पुढ्यात गल्लीतली केसरबाई नारळ घेऊन बसलेली. आखाड्याचे पोट्टे लंगोट कसून लांबच उभे.

"मावशी, हे काय करून ठेवलं? हा मलखांब हाये!"

"मले काय मालूम? तेल वाहिलेलं दिसलं, वरतं डोकं दिसलं. मारोतीच वाटला. आता नवस बोलली मी याच्यापाशी. देवाले कोनाचा पाय लागू देनार नाही."

वस्ताद रडकुंडीला आला. पांढुर्ण्याचे सामने तोंडावर आले होते.

"अवो मावशी, मारोतीच्या अंगाखांद्यावर वानरं नाही खेळतीन तं कोन खेळन?"

केसरबाईने त्या लंगोटवाल्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"खेळा मंग. पन पाया पडून चढजा."

पोट्टे तुटून पडले. कोणी उलटं लटकलं, कोणी मांड्यांनी खांब आवळून गरगर फिरलं. दिवस कलला तोवर खांब पुसून लख्ख, आणि पोट्टे कपाळापासून पोटरीपर्यंत शेंदरी.

केसरबाई नारळ हातात धरून उभीच राहिली.

"चिंधू, आता यातल्या कोन्या मारोतीपुढं फोडू रे हा?"